बघणाऱ्या मुलांचे काय?

(संस्थेच्या पालक-शिक्षक मेळाव्यात दिलेल्या भाषणाचा मजकूर)



आजच्या मेळाव्यात निकाल, शिष्यवृत्त्या आणि नव्या इमारतीचे बांधकाम यांविषयी अधिकारवाणीने बोलणारे वक्ते बरेच आहेत. मला जो विषय देण्यात आला आहे तो वार्षिक अहवालात कधी छापून येत नाही. शाळेत एक मूल दुसऱ्या मुलाला रोज छळते, आणि बाकीची मुले ते पाहत उभी राहतात, हा तो विषय. इंग्रजीत याला बुलिंग म्हणतात. आपल्याकडे दादागिरी, दांडगाई, चिडवाचिडवी, वाळीत टाकणे असे निरनिराळे शब्द आहेत. शब्द इतके आहेत यावरूनच ही गोष्ट आपल्याला परकी नाही हे दिसते.

"पोरांची भांडणे ती, आज भांडतील आणि उद्या एका ताटात जेवतील," असे आपण म्हणतो. बहुतेक भांडणांच्या बाबतीत ते खरेही असते. दोन सारख्या ताकदीची मुले चेंडूवरून गुद्द्यांवर आली, तर त्यात काळजी करण्यासारखे फारसे नाही. पण भांडण आणि छळ या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. हा फरक शास्त्रशुद्ध रीतीने प्रथम मांडला तो डॅन ओल्व्हेउस या मानसशास्त्रज्ञांनी. जन्माने ते स्वीडिश, पण त्यांचे मोठे कार्य नॉर्वेतील बर्गेन शहरात झाले. २०२० साली ते निधन पावले. त्यांनी छळाच्या तीन खुणा सांगितल्या. पहिली, तो मुद्दाम केलेला असतो. दुसरी, तो पुन्हा पुन्हा होतो. आणि तिसरी, ज्याला सोसावे लागते त्याच्यात स्वतःचा बचाव करण्याचे बळ नसते. हे बळ म्हणजे मनगटाचेच असे नाही. एका बाजूला आठजण आणि दुसऱ्या बाजूला एक, हेही बळ असमानच. ज्या भांडणात या तिन्ही खुणा दिसतात त्याला पोरांचे भांडण म्हणून सोडून देता येत नाही.

नॉर्वे या देशाने हा धडा फार मोठी किंमत देऊन घेतला. १९८२ च्या अखेरीस त्या देशाच्या उत्तर भागात दहा ते चौदा वर्षे वयाच्या तीन मुलांनी आपले जीवन संपवले. सोबत्यांकडून होणारा छळ हेच त्याचे कारण असावे, असे पुढे आले. सारा देश हादरला. १९८३ साली तिथल्या शिक्षण खात्याने देशभर मोहीम हाती घेतली. ओल्व्हेउस यांनी सुमारे १,३०,००० विद्यार्थ्यांच्या उत्तरांचा अभ्यास केला. मुलांनी आपले नाव न लिहिता उत्तरे द्यायची होती. त्यातून असे दिसले की शंभरातील सुमारे पंधरा मुले या प्रकारात नियमितपणे गुंतलेली आहेत. सुमारे नऊ सोसणारी आणि सात करणारी, आणि थोडी दोन्हीकडे असणारी. त्यानंतर बर्गेनच्या ४२ शाळांतील २,५०० विद्यार्थ्यांबरोबर दोन वर्षे काम झाले. मुलांच्याच सांगण्यानुसार तिथला छळ निम्म्याने किंवा त्याहूनही अधिक कमी झाला.

तिथे काय केले, हे ऐकून आपल्याला नवल वाटेल, कारण त्यात खर्चाचे असे काही नव्हते. मुलांना नाव न लिहिता मन मोकळे करण्याची संधी दिली. मधल्या सुट्टीत शिक्षक मैदानावर हजर राहू लागले. प्रत्येक वर्गाने छळाविरुद्धचे दोन-चार नियम स्वतः ठरवून भिंतीवर लावले. वर्गात याविषयी नियमित बैठका होऊ लागल्या. आणि प्रकार घडलाच तर छळ करणाऱ्या मुलाशी, सोसणाऱ्या मुलाशी आणि दोघांच्या पालकांशी शाळा वेगवेगळे आणि गंभीरपणे बोलू लागली.

या अभ्यासाने आपल्या मनातील दोन गैरसमजही दूर केले. पहिला असा की जाडेपणा, चष्मा, बोलण्याची ढब यांमुळे मुलाला त्रास होतो. चिडवायला असे काही ना काही निमित्त लागते, हे खरे. पण जाडी किंवा चष्मा असलेली कितीतरी मुले सुखाने शिकतात. जे मूल शांत, हळवे आणि जपून वागणारे आहे आणि ज्याला वर्गात मित्र नाही, तेच बहुधा पकडले जाते. दुसरा गैरसमज असा की दांडगाई करणारा मुलगा आतून भित्रा असतो. ओल्व्हेउस यांना तसे काही आढळले नाही. उलट, सहावी ते नववीत जी मुले अशी दांडगाई करीत होती, त्यांपैकी सुमारे साठ टक्के मुले चोवीस वर्षांची होईपर्यंत कोणत्या ना कोणत्या गुन्ह्यात दोषी ठरली होती. तेव्हा ज्या पालकांना "आमचा मुलगा कोणाचे ऐकून घेत नाही" असे सांगताना अभिमान वाटतो, त्यांनी हा आकडा लक्षात ठेवावा. छळणाऱ्या मुलाला वेळीच अडवणे हे त्याच्याही भल्याचे आहे.

आता आपल्या अंगणात येऊ या.

आपल्याकडचे प्रकार मी शिक्षक म्हणून रोज पाहतो. कोणाचा डबा उघडून हसणे, कोणाला खेळात न घेणे, बाकावर शेजारी बसू न देणे, दप्तर लपवणे, लहान वर्गातल्या मुलाकडून खाऊचे पैसे काढून घेणे. मुलींमध्ये हातापायी कमी, पण सगळ्यांनी मिळून एकीशी बोलणे बंद करण्याची रीत फार वाईट. पूर्वी शाळा सुटली की छळही सुटत असे. आता वर्गाचा व्हॉट्सॲप ग्रुप असतो. कोणाचा वेडावाकडा फोटो काढून त्यावर काहीबाही लिहितात आणि रात्री अकरा वाजता तो चाळीस घरांत पोहोचतो. ज्या मुलांचे अब्बा आखातात नोकरीला आहेत, त्यांच्या हाती मोबाईल लवकर येतो आणि तो पाहणारे घरात कोणी नसते, हाही आपल्या समाजातील एक प्रश्न आहे. युनेस्कोने २०१९ साली अनेक देशांची माहिती एकत्र करून सांगितले, की दर तीन मुलांपैकी जवळपास एकाला मागच्या महिन्याभरात एकदा तरी सोबत्यांचा त्रास झालेला होता.

पण या सर्वांत मला अधिक गंभीर वाटतो तो नावे ठेवण्याचा प्रकार. मुले कोणाला कोणत्या नावाने चिडवतात, याकडे नीट लक्ष दिले तर ती नावे मुलांनी स्वतः शोधलेली नाहीत हे कळते. ती त्यांनी मोठ्यांकडून उचललेली असतात. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांना सातारच्या शाळेत इतर मुलांपासून वेगळे, घरून आणलेल्या गोणपाटावर बसावे लागे आणि तहान लागली तर नळाला हात लावण्याची परवानगी नव्हती. त्या वर्गातील मुलांनी हा नियम केला नव्हता. तो मोठ्या माणसांचा नियम होता आणि मुले तो पाळत होती.

आपल्या मुलांनाही इतर शाळांत काय काय ऐकावे लागते, ते मी सांगायला नको. नाझिया इरम यांनी २०१८ साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या पुस्तकात अनेक शहरांतील मुस्लिम मातांचे अनुभव गोळा केले आहेत. चांगल्या, नावाजलेल्या शाळांत शिकणाऱ्या मुलांना वर्गमित्रांनी 'पाकिस्तानी' किंवा 'दहशतवादी' म्हणावे आणि घरी येऊन मुलाने आईला "आपण कोण आहोत?" असे विचारावे, असे प्रसंग त्यात आहेत. यावर आपल्याला राग येतो आणि तो रास्त आहे. शाळांकडे याची दाद मागण्याचा आपल्याला पूर्ण अधिकार आहे.

पण पालकहो, याच रागाने आपण आपल्याही शाळेच्या मैदानाकडे पाहिले पाहिजे. इथे यूपी-बिहारमधून आलेल्या यंत्रमाग कामगाराच्या मुलाला कोणत्या नावाने हाक मारतात? ज्याचे उर्दू कच्चे आहे आणि घरी मराठी बोलतो, किंवा ज्याचे मराठी कच्चे आहे आणि घरी उर्दू बोलतो, त्याच्या उच्चारांवर कोण हसते? ज्याच्या वडिलांचा धंदा हलका समजला जातो, त्याला त्या धंद्याच्या नावाने कोण हाक मारते? जो अडखळत बोलतो, जो नापास होऊन मागे राहिला, जिचा रंग सावळा आहे, त्यांना काय म्हणतात? आपल्या मुलांना कोणी नाव ठेवले की तो अन्याय, आणि आपल्या मुलांनी दुसऱ्याला ठेवले की ती गंमत, असा हिशेब चालायचा नाही. सूरे हुजुरातमध्ये एकमेकांची टिंगल करण्यास आणि एकमेकांना वाईट टोपणनावांनी हाक मारण्यास स्पष्ट मनाई केलेली आहे, हे आपल्या मुलांना मदरशात शिकवले जाते. ते वर्गाच्या दाराशी विसरले जाऊ नये, एवढेच माझे म्हणणे.

आता मी माझ्या मूळ मुद्द्याकडे येतो. या सर्व प्रकारांत आपण दोनच मुलांचा विचार करतो, छळणारा आणि सोसणारा. पहिल्याला शिक्षा करा आणि दुसऱ्याला धीट बनवा, की काम झाले, असे आपल्याला वाटते. पण वर्गात चाळीस-पन्नास मुले असतात. बाकीच्यांचे काय?

कॅनडात डेब्रा पेपलर आणि वेंडी क्रेग या दोन संशोधक बाईंनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी शाळांच्या मैदानावरील मुलांचे वागणे दुरून कॅमेऱ्याने टिपले. शंभरातील ८८ प्रसंगांत इतर मुले तिथे हजर होती. त्यांपैकी कोणी मध्ये पडले, असे मात्र शंभरातील केवळ १९ प्रसंगांत घडले. आता पुढचा आकडा ऐका. जिथे एखादे मूल मध्ये पडले, तिथे निम्म्याहून अधिक वेळा, म्हणजे ५७ टक्के वेळा, छळ दहा सेकंदांच्या आत थांबला. दहा सेकंद, मित्रहो! शिक्षकाला स्टाफरूममधून मैदानावर यायला याहून जास्त वेळ लागतो.

फिनलंडमधील तुर्कू विद्यापीठाच्या क्रिस्टिना साल्मिवाल्ली यांनी १९९६ साली या बघ्यांचीही वर्गवारी केली. काही मुले छळणाऱ्याचा उजवा हात बनतात. काही स्वतः हात लावत नाहीत, पण हसून, ओरडून त्याला चेव आणतात. काही बाजूला सरकतात आणि काही दिसलेच नाही असे दाखवतात. फार थोडी मुले सोसणाऱ्याच्या बाजूने उभी राहतात. साल्मिवाल्ली यांचे म्हणणे असे, की छळणाऱ्या मुलाला हवा असतो तो वर्गातील मान आणि दरारा. तो मान त्याला देतात ही बघणारी मुले. गारुड्याभोवती गर्दी जमली नाही तर त्याचा खेळ चालत नाही, तसेच हे आहे.

याच विचारावर तिथे एक कार्यक्रम उभा राहिला. त्याचे नाव कीवा. फिनिश भाषेत या शब्दाचा अर्थ 'छान' असा होतो, आणि 'छळाविरुद्ध' या अर्थाच्या शब्दांची ती आद्याक्षरेही आहेत. शिक्षण मंत्रालयाच्या मदतीने २००६ मध्ये काम सुरू झाले आणि २००९ पासून कार्यक्रम देशभर नेण्यात आला. ठरावीक वर्गांत वर्षभर याचे तास असतात. मैदानावर देखरेख करणारे शिक्षक ठळक रंगाचे जाकीट घालतात, म्हणजे मदत कोणाकडे मागायची ते लहानग्यालाही दिसावे. प्रत्येक शाळेत तीन-चार शिक्षकांचे पथक तक्रारी हाताळते. आणि यातील मला सर्वांत आवडलेली गोष्ट अशी, की ज्यांना वर्ग मानतो अशा दोन-चार भल्या मुलांना शिक्षक एकत्र बोलावतात आणि सांगतात, "या मुलाची अवस्था तुम्ही पाहिली आहे. त्याच्यासाठी तुम्ही काय कराल ते तुम्हीच ठरवा." कोणी त्याच्याशेजारी डबा खायचे ठरवते, कोणी घरी जाताना सोबत करायचे. हुकूम नाही, फक्त विचारणा.

इथे हमदर्दीचा प्रश्न येतो. आपण सहानुभूती म्हणतो, त्यापेक्षा हा शब्द मला जवळचा वाटतो. हम म्हणजे सोबत आणि दर्द म्हणजे वेदना. दुसऱ्याची वेदना आपलीही होणे म्हणजे हमदर्दी. यात दोन पायऱ्या आहेत. समोरच्याला काय वाटते हे ओळखणे ही पहिली, आणि त्यामुळे आपल्यालाही काही वाटणे ही दुसरी. इंग्लंडमधील संशोधकांनी दाखवले आहे, की छळणारी मुले पहिल्या पायरीवर कमी नसतात. टोळीचे म्होरके तर दुसऱ्याचे मन फार अचूक ओळखतात. कोणत्या शब्दाने कोणाला रडू येईल, हे त्यांना पक्के ठाऊक असते. उणीव असते ती दुसऱ्या पायरीची. म्हणून "त्याला काय वाटत असेल, याचा विचार कर," असे नुसते सांगून भागत नाही. त्याला ते माहीतच असते.

मग ही दुसरी पायरी शिकवता येते काय? कॅनडातील टोरांटो शहरात मेरी गॉर्डन या शिक्षिकेने १९९६ साली एक अनोखा उपक्रम सुरू केला. पुस्तक नाही, फळा नाही. वर्षाच्या सुरुवातीला दोन ते चार महिन्यांचे तान्हे बाळ आपल्या आईबरोबर किंवा वडिलांबरोबर वर्गात येते. जमिनीवर हिरवी चादर अंथरतात, भोवती मुले बसतात आणि मध्ये बाळ. तेच त्या दिवसाचे शिक्षक! वर्षभरात ते साधारण नऊ वेळा येते. बाळ रडते तेव्हा मुलांना विचारतात, ते का रडत असेल? भूक लागली, की झोप आली, की अनोळखी चेहरे पाहून घाबरले? मग विचारतात, तुम्ही घाबरता तेव्हा तुम्हाला कसे वाटते? दांडगट म्हणून नाव पडलेली मुलेही त्या बाळापुढे मऊ होतात. ब्रिटिश कोलंबिया विद्यापीठात किंबर्ली शोनर्ट-राइक्ल यांनी केलेल्या अभ्यासात अशा वर्गांतील मुलांचा मुद्दाम त्रास देण्याचा स्वभाव कमी झालेला दिसला, तर इतर वर्गांत तो वर्षभरात वाढला.

हे ऐकताना माझ्या मनात आले, की आपल्या घरांत तान्ह्या बाळांची कधी वाण नव्हती. मोठी बहीण कडेवर भावंड घेऊन सारे मोहल्ल्यात फिरत असे. आजही अनेक घरांत हे आहे. पण आपण हे काम फक्त मुलींकडे दिले आणि मुलांना त्यातून सूट दिली. बाळ झोपवणे, आजारी दादीला पाणी देणे, औषधाची वेळ सांभाळणे ही कामे मुलग्यांनाही करू द्या. दुसऱ्याच्या गरजेकडे लक्ष देण्याची सवय अशा कामांतून लागते. व्याख्यानातून, अगदी माझ्याही व्याख्यानातून, ती लागत नाही.

या कार्यक्रमांविषयी फार मोठ्या अपेक्षाही ठेवू नयेत, हे सांगणे माझे कर्तव्य आहे. मारिया टोफी आणि डेव्हिड फॅरिंग्टन यांनी २०११ साली जगभरातील अशा प्रयोगांचा एकत्र हिशेब मांडला. छळाचे प्रमाण सरासरी वीस टक्क्यांच्या आसपास घटलेले दिसले. म्हणजे पाचांतील एक कमी झाला, चार राहिले. बर्गेनसारखे यश सर्वत्र आले नाही. फिनलंडमध्येही प्राथमिक वर्गांत चांगला परिणाम झाला, पण सातवीच्या पुढे तो बराच कमी पडला. जिथे पालकांच्या सभा झाल्या, मैदानावर देखरेख होती, नियम ठाम होते आणि काम दीर्घकाळ चालले, तिथे गुण अधिक आला. एक दिवसाची प्रभातफेरी, घोषवाक्यांची स्पर्धा आणि बक्षीस समारंभ यांनी काही साधत नाही.

आणखी एक गोष्ट संशोधकांच्या लक्षात आली आहे आणि ती मनाला चटका लावणारी आहे. ज्या वर्गात छळ खूप कमी होतो, तिथे उरलेले एखादे सोसणारे मूल पूर्वीपेक्षा अधिक खचते. पूर्वी त्याला वाटे, असे अनेकांचे होते. आता वाटते, फक्त माझेच होते, म्हणजे दोष माझ्यातच असणार. तेव्हा "आमच्या शाळेत असले प्रकार फारसे नाहीत," असे समाधान ज्या शाळेला आहे, तिनेच त्या एका मुलाला अधिक शोधले पाहिजे.

आता प्रत्येकाने काय करावे, ते थोडक्यात सांगतो.

प्रथम माझ्या शिक्षक बांधवांना. मधल्या सुट्टीचा चहा आपण पाळीपाळीने घेऊ या. दोघे तरी मैदानावर आणि जिन्यापाशी असू द्या. तक्रार आली की दोघांना वर्गापुढे उभे करून हात मिळवायला लावण्याची आपली जुनी पद्धत सोडून देऊ या. हे सारख्यांचे भांडण नसते. सोसणारा त्या वेळी हात मिळवतो आणि शाळा सुटल्यावर त्याचे दाम चुकते करतो. प्रत्येकाशी वेगळे बोलावे आणि आठवड्याने पुन्हा विचारावे. आणि सर्वांत महत्त्वाचे, आपल्या जिभेवर ताबा ठेवावा. शिक्षकाने एखाद्या मुलाला वर्गात 'ढ' म्हटले की उरलेल्या मुलांना परवानाच मिळतो. शिक्षण हक्क कायदा, २००९ च्या सतराव्या कलमाने मुलाला शारीरिक शिक्षा करण्यास आणि त्याचा मानसिक छळ करण्यास बंदी घातली आहे. ही बंदी आपल्यासाठी आहे, हे विसरून चालणार नाही.

ज्यांचे मूल सोसत असेल त्या पालकांना. मूल होऊन सांगत नाही, खुणा पाहाव्या लागतात. रोज सकाळी शाळेच्या वेळीच पोट दुखते, वह्या फाटतात, डबा तसाच परत येतो किंवा मूल घरी येताच अधाशासारखे जेवते, पैसे जास्त मागते, नेहमीचा रस्ता सोडून लांबून येते. अशा वेळी "तूही दोन ठेवून दे" असे सांगू नका. ते शक्य असते तर त्याने तुम्हाला न विचारता केले असते. "तूच काहीतरी केले असशील" असे तर मुळीच म्हणू नका. शांतपणे ऐकून घ्या, तारीखवार लिहून ठेवा, मोबाईलवरचे संदेश पुसू नका आणि वर्गशिक्षकांना भेटा. दुसऱ्याच्या घरी जाऊन त्या मुलाला दम देण्याने प्रकरण मोहल्ल्याचे होते आणि मूल अधिक एकटे पडते. मूल फारच खचलेले दिसले तर डॉक्टरांचा सल्ला घेण्यात कमीपणा नाही. मुलांसाठी १०९८ या क्रमांकावर दिवसरात्र फुकट फोन करता येतो, हा क्रमांक प्रत्येक मुलाला पाठ असू द्या.

ज्यांच्या मुलाविषयी तक्रार आली असेल त्या पालकांना. तो क्षण कठीण असतो. एक तर आपण शाळेवर उखडतो, नाहीतर घरी जाऊन मुलाला बडवतो. दोन्हींतून तो एकच गोष्ट शिकतो, की ज्याचे बळ अधिक त्याचे खरे. त्याऐवजी शाळेसमोर त्याच्यासह बसा, काय झाले ते ऐका आणि केलेल्या गोष्टीची भरपाई त्याच्याकडून करवून घ्या. फाडलेली वही त्याने स्वतःच्या खाऊच्या पैशांतून आणून द्यावी आणि चुकलेला अभ्यास त्यात लिहूनही द्यावा.

कायद्याविषयी दोन शब्द. महाराष्ट्राने १९९९ साली रॅगिंगविरोधी कायदा केला. त्यात दोन वर्षांपर्यंत कैद आणि दहा हजार रुपयांपर्यंत दंडाची तरतूद आहे. विद्यापीठ अनुदान आयोगाने २००९ मध्ये महाविद्यालयांसाठी नियम केले आणि सीबीएसईने २०१५ मध्ये आपल्या शाळांना यासाठी समित्या नेमण्यास सांगितले. कायदा असावा, पण तो मोठ्या आणि उघड प्रकारांसाठी. सहावीतल्या एका मुलीशी वर्गातील कोणी बोलत नाही, यासाठी कोणते कलम लावणार? तिथे वर्गातील दुसरी मुलगी उठून तिच्याजवळ जाऊन बसते, हाच इलाज आहे.

म्हणून शेवटी विद्यार्थी मित्रहो, तुमच्याशी बोलतो. मी तुम्हाला कोणाशी मारामारी करायला सांगत नाही. मध्ये पडणे म्हणजे गुद्दे मारणे नव्हे. त्याचे सोपे मार्ग आहेत. हसू नका. तो फोटो पुढे पाठवू नका. "चल, सर बोलावताहेत," असे म्हणून त्या मुलाला तिथून बाहेर काढा. मधल्या सुट्टीत त्याला "ये, इथे बस" म्हणा. एकट्याने धीर होत नसेल तर दोघे-तिघे मिळून जा आणि शिक्षकांना सांगा. असे सांगणे म्हणजे चहाडी नव्हे. दुसऱ्याला शिक्षा व्हावी म्हणून सांगणे ही चहाडी, आणि दुसऱ्याची सुटका व्हावी म्हणून सांगणे ही मदत. हा फरक तुम्हाला समजतो, याची मला खात्री आहे.

आपल्या पैगंबरांनी जुलूम सोसणाऱ्या भावाला मदत करण्यास सांगितले, तसेच जुलूम करणाऱ्या भावालाही मदत करण्यास सांगितले. सोसणाऱ्याला मदत कशी करायची ते लोकांना कळत होते. करणाऱ्याला कशी करायची, असे त्यांनी विचारले, तेव्हा उत्तर मिळाले की त्याला जुलूम करण्यापासून रोखणे हीच त्याला मदत. वर्गात बघत उभ्या असलेल्या मुलाला यापेक्षा सोपे काम कोण सांगू शकेल? एकाच वेळी दोन भावांना मदत होते, आणि ती बहुधा दहा सेकंदांत होते.

उद्या सकाळी अकरा वाजता मधल्या सुट्टीची घंटा होईल. मैदानाच्या भिंतीपाशी, नळाच्या मागे किंवा शेवटच्या बाकावर कोणीतरी एकटे बसलेले असेल. तुम्ही त्याला ओळखता. आम्हा शिक्षकांपेक्षा चांगले ओळखता. उद्या तुमच्यापैकी एकाने जरी आपला डबा उचलून त्याच्याशेजारी नेला, तरी आजचा हा मेळावा सार्थकी लागला असे मी समजेन.